वाइनमधील नेटवर्क ड्राइव्हची ओळख

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘वाइन’ला (विकास १९९३ पासून) प्रत्येक ड्राइव्हबद्दल प्रोग्रामला सांगावे लागते, की डिस्क याच मशीनमधली आहे की दुसरीकडून जोडलेली. उत्तर चुकले तरी प्रोग्राम चालतो, म्हणून चूक उशिरा सापडते.

प्रोग्राम हे विंडोजच्या ‘गेटड्राइव्हटाइप’ फंक्शनला विचारतो. ३ आले तर स्थिर डिस्क, ४ आले तर नेटवर्क, ५ म्हणजे सीडी. वाइन त्यासाठी कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) फाइल सिस्टिमचा, म्हणजे फाइली साठवण्याच्या पद्धतीचा, ओळखक्रमांक घेते आणि आपल्या यादीशी ताडून पाहते. एनएफएस आणि एसएमबी या नेटवर्कवरून फोल्डर जोडण्याच्या दोन पद्धती; असे जोडलेले फोल्डर म्हणजे शेअर. एनएफएसचा हेक्स (सोळा अंकी पद्धतीतला) क्रमांक ६९६९. एसएमबी शेअरच्या क्रमांकात ५३, ४डी, ४२ येतात, म्हणजे चक्क एस, एम, बी ही अक्षरे. या अक्षरांच्या अलीकडे, क्रमांकाच्या सुरुवातीला, एसएमबीच्या जुन्या आवृत्तीत एफएफ, नव्या आवृत्तीत एफई. यादीत न सापडलेले सगळे ‘साधी डिस्क’ या खात्यात पडते, आणि घोळ होतो तो इथे. एसएसएचएफएस (दुसऱ्या मशीनवरचे फोल्डर एसएसएचने जोडण्याची सोय) हे फ्यूजमार्फत, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामला फाइल सिस्टिम चालवू देणाऱ्या सोयीमार्फत, जोडले जाते. कर्नल फ्यूजचा क्रमांक सांगतो, पलीकडे सर्व्हर आहे हे त्यातून कळत नाही.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात बिलांचा विंडोज प्रोग्राम दोन लिनक्स मशीनवर आणि डेटा तिसऱ्यावर आहे. शेअर स्थानिक दिसला, तर प्रोग्राम फाइल एकट्याची समजून उघडू शकतो. एका टेबलावर दिवाणजी पट्टी करत असताना दुसऱ्यावर ‘फाइल वापरात आहे’ असा संदेश येतो. नेटवर्कवर डेटा ठेवायला एरवी नकार देणारा प्रोग्राम मात्र या चुकीमुळे गप्प राहतो, ते जास्त धोक्याचे.

तपासाला सुरुवात वाइनबाहेर करावी. शेअरच्या फोल्डरवर ‘स्टॅट -एफ’ ही लिनक्सची आज्ञा चालवावी; ती फाइल सिस्टिमचे नाव दाखवते. ‘एक्स्ट२/एक्स्ट३’ हे लिनक्सच्या स्थानिक डिस्कवरील फाइल सिस्टिमचे नाव दिसले (एक्स्ट४ असली तरी हेच नाव येते), तर शेअर बहुधा जोडलेलाच नाही. रिकाम्या फोल्डरखालची डिस्क दिसते आहे. वीज गेल्यावर सर्व्हर उशिरा सुरू झाला की असे हमखास होते. ‘फ्यूजबीएलके’ दिसले तर शेअर फ्यूजमार्फत जोडल्याचा संशय खरा. मग वाइनच्या ‘डॉसडिव्हायसेस’ फोल्डरमध्ये ड्राइव्हच्या अक्षराची लिंक नेमकी कुठे जाते ते पाहावे.

फ्यूजच्या बाबतीत ‘वाइनसीएफजी’ या वाइनच्या सेटिंग प्रोग्रामच्या ड्राइव्ह टॅबमध्ये प्रकार ‘नेटवर्क शेअर’ करून ‘वाइनसर्व्हर -के’ने वाइन बंद करावे आणि प्रोग्राम पुन्हा चालू करावा. मात्र ही नोंद ‘गेटड्राइव्हटाइप’पुरती कामी येते. फाइल उघडून थेट व्हॉल्यूमची (ती फाइल असलेल्या डिस्कची) माहिती मागणाऱ्या प्रोग्रामला तरीही साधी डिस्कच दिसू शकते. तिथे एसएसएचएफएस सोडून एसएमबी किंवा एनएफएसने जोडणे सोपे पडते.