पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग : कोल्हापुरातील निवड

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही तीन वर्षांची पदविका घेऊन नोंदणी झालेल्या परिचारक-परिचारिकांना आणखी दोन वर्षांत नर्सिंगची पदवी देणारा अभ्यासक्रम. वॉर्डात त्याला कोणी पूर्ण नावाने ओळखत नाही. ‘पोस्ट बेसिक’ किंवा नुसते ‘पीबी’ म्हटले की पुरते. ‘ब्रिज कोर्स’ हा शब्दही कानावर येतो, पण त्यावर विसंबू नये. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठीच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रालाही ब्रिज कोर्सच म्हणतात आणि होमिओपॅथी डॉक्टरांच्या एक वर्षाच्या औषधशास्त्राच्या कोर्सलाही. या दोन्हींतून नर्सिंगची पदवी मिळत नाही. अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका नोकरी करता करता, बऱ्याचदा घरबसल्या ऑनलाइन शिकून पदवीधर होतात. इंटरनेटवर ‘नर्सिंग ब्रिज’ शोधले की पुढे येते ती माहिती बहुतेक तिकडचीच असते, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते.

प्रवेशासाठी बारावी, जीएनएम आणि राज्य परिचर्या (नर्सिंग) परिषदेची परिचारिका व प्रसाविका अशी दुहेरी नोंदणी लागते. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) झालेल्या सिस्टरना थेट प्रवेश नाही. त्यांना आधी जीएनएम करावे लागते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवेच. जीएनएमला मात्र कला किंवा वाणिज्य शाखेची बारावीही चालते. म्हणून राधानगरी-भुदरगडकडची कला शाखेची मुलगी नर्सिंगची पदवीधर होते ती याच वाटेने : तीन अधिक दोन, अशा पाच वर्षांत. थेट पदवीपेक्षा एक वर्ष जास्त जाते, पण मधल्या काळात पगार सुरू झालेला असतो. कोल्हापुरात पीबीकडे वळणाऱ्यांपैकी अनेकांचे गणित हेच असते.

पदवी कोण देणार, हा पहिला प्रश्न. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून इथे आहे, त्यामुळे पदवी त्याचीच असेल असे घरच्यांना सहज वाटते. पण १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातली आरोग्य शिक्षणाची महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील हे अभिमत विद्यापीठ असल्याने त्याची परीक्षा आणि पदवी स्वतःची. दोन्ही पदव्या वैध आहेत, मात्र शुल्क, प्रवेशाची पद्धत आणि परीक्षेचे वेळापत्रक एकसारखे नसते. महाविद्यालयाच्या फलकावर ‘मान्यताप्राप्त’ लिहिले असले तरी मान्यता कोणाची, कोणत्या वर्षासाठी आणि किती जागांची, ते विचारावे. भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि विद्यापीठ यांची कागदपत्रे वेगवेगळी असतात. एक दाखवून तिन्हींचे काम भागत नाही.

दुसरा प्रश्न रुग्णालयाचा, आणि खरे वजन त्याला आहे. महाविद्यालयाला स्वतःचे रुग्णालय आहे की विद्यार्थ्यांना पोस्टिंगसाठी, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामासाठी, दुसरीकडे पाठवतात, हे प्रवेश घेण्याआधी जाऊन पाहावे. सकाळी आठला ड्युटी बदलते त्या वेळी वॉर्डात उभे राहिले तरी बरेच कळते : किती खाटा भरलेल्या आहेत, एका रुग्णाभोवती किती विद्यार्थी गोळा झाले आहेत, शिक्षिका हजर आहेत की इनचार्ज सिस्टरच सगळे पाहते आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचे सीपीआर, हे जिल्ह्यातले मोठे सरकारी रुग्णालय. तिथल्या गर्दीत एका आठवड्यात जे पाहायला मिळते, ते अर्ध्या रिकाम्या खाटांच्या रुग्णालयात महिनाभर थांबूनही मिळत नाही.

नोकरी सांभाळून पीबी होईल का, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रात्यक्षिक मिळून नव्हे, तर दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ८० टक्के हजेरी लागते. पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकांची हजेरी १०० टक्के भरून काढावी लागते. ‘फक्त परीक्षेला या’ असे जिथे सांगतात, तिथे या हजेरीचे काय होते हे उघड आहे. राजारामपुरी-शाहूपुरीतल्या खासगी दवाखान्यांत काम करणाऱ्या सिस्टर बहुधा राजीनामा देतात किंवा मालक डॉक्टरांशी बोलून फक्त नाइट ड्युटी घेतात. रात्रभर जागून सकाळी पोस्टिंगला जाणे दोन महिने निभते, दोन वर्षे नाही. सरकारी सेवेतल्यांनी आधी विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि रजेचा आदेश हातात घ्यावा. साहेबांनी तोंडी दिलेल्या होकारावर शुल्क भरू नये.

इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) मार्ग याहून वेगळा. तो सेवेतल्या परिचारिकांसाठी आहे, तीन वर्षांचा आहे आणि त्याला प्रवेश परीक्षा व अनुभवाची अट आहे. दूरशिक्षण असले तरी प्रात्यक्षिके ठरलेल्या केंद्रावर जाऊनच करावी लागतात, त्यामुळे केंद्र कुठे मिळते ते आधी पाहणे शहाणपणाचे.

पहिल्या वर्षी जीवरसायन व जीवभौतिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, मानसशास्त्र, माता व बाल परिचर्या आणि वैद्यकीय-शल्य परिचर्या हे विषय असतात. दहा वर्षे ऑक्सिजनचा सिलिंडर हाताळलेली सिस्टर दाबाचे सूत्र पहिल्यांदा वहीत उतरवते. वर्गात शिकवणारी मॅडम तिच्यापेक्षा लहान असणे हेही नेहमीचेच. दुसऱ्या वर्षी सामुदायिक व मानसिक आरोग्य परिचर्येच्या जोडीला शिक्षण, प्रशासन आणि संशोधन हे विषय येतात. जीएनएमपेक्षा पीबी खरे वेगळे ठरते ते इथे. पाठ काढणे, वॉर्डचा ड्युटी रोस्टर मांडणे आणि छोटा संशोधन प्रकल्प लिहिणे ही कामे ज्येष्ठ सिस्टरनाही नवीन असतात. सामुदायिक पोस्टिंग पावसाळ्यात पडले आणि पंचगंगेला पाणी चढले, तर करवीर-शिरोळच्या गावांत क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएस यांचा पाठ नुसत्या कार्डशीटवर न राहता दारोदारी द्यावा लागतो.

पदवीमुळे काय मिळते, हे अर्जाच्या पात्रतेत दिसते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तर पीबी पदवीधरांना अनुभवाची ती अट नाही. एम.एस्सी. नर्सिंगला पीबीनंतर जाता येते. त्यासाठी लागणारा एक वर्षाचा अनुभव पीबीच्या आधीचा असला तरी चालतो. मात्र खासगी दवाखान्यात त्याच खाटेशी उभ्या राहणाऱ्या सिस्टरचा पगार पदवीमुळे आपोआप वाढतोच असे नाही. पीबी करण्याआधी आपल्याच मेट्रनना हे सरळ विचारून घ्यावे.

निकाल लागला की काम संपत नाही. मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद राहून गेली की कित्येक वर्षांनंतर भरतीच्या कागदपत्र पडताळणीत आठवते, आणि मग कोल्हापूर-मुंबई रेल्वेचे तिकीट काढावे लागते.