साडेचौसष्टचं काय करायचं? सार्थ अंकांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात विदर्भातल्या कुठल्याही पारावर एक आकडा सगळ्यांना पाठ असतो: 65. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांची चर्चा सुरू होते. नाल्याकाठचं वावर खरडून गेलेला माणूस आधी विचारतो, "मंडळात किती नोंदला?" उत्तर कधी 64.5 येतं, कधी 65.2. मोजलेल्या आकड्यातले कोणते अंक भरवशाचे हे शिकवणारा, अकरावीत कंटाळवाणा वाटलेला सार्थ अंकांचा धडा इथे खिशाला लागतो.

'सार्थ' हा शब्दच मुळात गुंत्याचा आहे. जुन्या इंग्रजी अंकगणितात 1 ते 9 हे 'सार्थ' अंक आणि शून्य म्हणजे नुसती जागा भरणारं चिन्ह. मोजमापातल्या चुकांचं गणित (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी न्यूनतम वर्ग पद्धत 1805 आणि 1809 मध्ये छापून आली) रुळल्यावर पुढे त्याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला: मोजणारा ज्याची हमी देऊ शकतो तो अंक सार्थ. या अर्थाने शून्यही सार्थ होऊ शकतं. 65 आणि 65.0 यांत मग फरक पडतो, कारण दुसऱ्यात दशांश मिलिमीटरपर्यंत पाहिल्याचा दावा आहे. उलट 64.5 मिलिमीटरचे 0.0645 मीटर केले तरी सार्थ अंक तीनच, सुरुवातीची शून्यं फक्त एककाची. पोरं अडखळतात ती नियमाला नाही, एका शब्दात कोंबलेल्या या दोन अर्थांना. पुस्तकात हे कुणी सांगत नाही.

1614 साली लॉगॅरिथम आले, म्हणजे गुणाकाराची बेरीज करून टाकणारी युक्ती, मग त्यांची कोष्टकं. आमच्या पिढीने बारावीच्या प्रॅक्टिकलला चार आकडी लॉग टेबल वापरलं. उत्तरात किती आकडे ठेवायचे हे तेव्हा टेबलच ठरवायचं. कॅल्क्युलेटर दहा आकडे ओकायला लागला तेव्हापासून ते माणसाला ठरवावं लागतं.

पाऊस आपल्याकडे पूर्वी इंच आणि सेंटमध्ये लिहीत, सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. मोजमापांचा कायदा 1956 चा, नवे पैसे 1957 चे, मेट्रिक वजनमापं 1958 पासून टप्प्याटप्प्याने. जुने 2 इंच 54 सेंट मिलिमीटरमध्ये केले तर गुणाकार 64.516 येतो. एक सेंट मुळातच 0.254 मिलिमीटरचा, त्यामुळे शेवटचे दोन आकडे पावसाचे नाहीत, गुणाकाराचे आहेत.

खरा वाद मात्र 5 चा. राउंडिंग म्हणजे मागचे आकडे कापून जवळचा आकडा लिहिणं; कापायच्या जागी 5 आला की वर चढवा, असं शाळेत शिकवतात. राउंडिंगचं भारतीय मानक (1960) वेगळं सांगतं: नेमका 5 उरला तर जवळच्या सम अंकाकडे जा, म्हणजे दर वेळी वरच ढकललं जाऊन बेरीज फुगत नाही. शिवाय राउंडिंग एकाच टप्प्यात करा, केलेल्यावर पुन्हा नको.

आता 64.5 घ्या. शाळेच्या नियमाने 65, मानकाच्या नियमाने 64. थेट सेंटिमीटरमध्ये नेला तर 6.45, म्हणजे 6. पण आधी 65 केला आणि मग सेंटिमीटर, तर शाळेच्याच नियमाने 6.5 चे 7. हवामान खात्याच्या वर्गवारीत जोरदार पाऊस 64.5 मिलिमीटरपासून सुरू होतो आणि सेंटिमीटरच्या तक्त्यात तोच वर्ग 7 पासून. हे दोन आकडे जुळतात ते असं दोनदा चढवल्यावरच. हवामानाच्या बातमीसाठी ते चालतं, कुणाचं काही बुडत नाही.

भरपाईच्या नियमात बुडतं. तिथे शब्द आहेत '65 पेक्षा जास्त'. त्यामुळे 64.5 चे 65 केले तरी शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही. पण 65.2 ला कुणी पूर्णांकाच्या रकान्यात 65 लिहिलं, तर मिळणारं जातं. चढवण्यावर सगळे भांडतात, पराटी (कपाशी) बुडते ती उतरवण्यात. माझ्या मते तुलना नोंदलेल्या मूळ आकड्याशी व्हावी, राउंडिंग छापताना करा. यात गणिताची काहीच अडचण नाही.

तहसीलच्या आवारात पूर्वी कोतवाल सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचा, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा वहीत जायचा. आता स्वयंचलित केंद्रं आली. त्यातलं छोटं भांडं ठराविक पाणी भरलं की कलंडतं आणि कलंडण्यांची मोजदाद होते. भांडं अर्ध्या मिलिमीटरचं असेल तर 65.0 नंतर थेट 65.5. आभाळातून 65.4 पडला तरी पडद्यावर 65.0 दिसतो, आणि त्यातलं शेवटचं शून्य छातीठोक सार्थ असल्यासारखं उभं असतं. मोजलेलं असतं ते परातीहून लहान तोंडाच्या एका भांड्यापुरतं. त्याच आकड्यावर मंडळातल्या सगळ्या गावांचा पाऊस ठरतो, पलीकडच्या टेकडीमागे ढग फुटला असला तरी.