हलगी, चावडी आणि फावडे : गावच्या श्रमदानामागची पार्श्वभूमी

नवरात्र सरते, ओढ्याचे गढूळ पाणी निवळते आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर दरवर्षीची नोटीस लागते : 'अमुक नाल्यावर वनराई बंधारा, रविवारी सकाळी सात वाजता, सर्वांनी श्रमदानास यावे.' वनराई बंधारा म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या रचून ओढ्यावर घातलेला हंगामी बांध. नोटिशीचा तोच मजकूर व्हॉट्सअॅपच्या गटावर जातो, त्याला पंचवीस-तीस अंगठे येतात आणि रविवारी ओढ्यावर सात माणसे जमतात. शेजारच्या गावात मात्र शंभर येतात. लोक आळशी झाले, हे यावरचे सोपे उत्तर. ते बहुतेक वेळा चुकीचे असते. गावाला फुकट कामासाठी कोण बोलावते, कशासाठी आणि कोणाच्या फायद्यासाठी, याची जुनी आठवण गावाच्या अंगात आहे. नोटीस वाचणारा तिच्याच आधारे ठरवतो.

एकमेकांच्या कामाला जाणे गावाला कधीच नवे नव्हते. इर्जिक घातली की दहा-पंधरा नांगर एकाच्या रानात उतरत आणि रानमालक सगळ्यांना जेवू घाली. सावड म्हणजे आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी पाटाने वाटून घेण्याच्या जुन्या सामुदायिक सिंचनात, पाणी वाटण्यासाठी पाटकरी आणि राखणीसाठी जागल्या असे, हंगामाआधी पाट साफ करणे लाभधारकांवर बंधनकारक होते. या सगळ्यांत परतफेड ठरलेली होती. ज्याचे रान भिजणार तो पाट उपसणार, हे सांगायला हलगी लागत नसे.

हलगी लागे ती दुसऱ्या प्रकारच्या कामाला. वतनी व्यवस्थेत दवंडी देणे, सांगावा पोचवणे, गावात आलेल्या अंमलदाराचे ओझे वाहणे, वेस राखणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे महारांच्या माथी होती. मोबदल्यात तुटपुंजी वतन जमीन आणि खळ्यावरचे बलुते मिळे. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही आणि नकार द्यायची सोय तर नाहीच. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच जोखडाविरुद्ध. राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आणि 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. म्हणजे ज्याच्या हातात हलगी देऊन गाव कामाला बोलावले जाई, तोच पिढ्यानपिढ्या बिनपैशाने राबत होता. 'गावाचे काम आहे, या' हे वाक्य वाड्यात आणि वस्तीत सारखे ऐकू येत नाही, त्याचे मूळ इथे आहे. श्रमदानाचा इतिहास लिहिताना हा भाग सहसा गाळला जातो. मग एखाद्या आळीतून माणसे का येत नाहीत, हे कोडे सुटत नाही.

या पार्श्वभूमीवर गाडगे महाराजांची पद्धत पाहावी. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हाती घेई. गटारे, उकिरडे, देवळासमोरची जागा दिवसभर झाडून झाली की रात्री कीर्तन. 'झाडा' असा हुकूम नाही, आवाहनही नाही, आधी स्वतःचे काम. बोलावणाराच सर्वांत खालचे समजले जाणारे काम करतो म्हटल्यावर वेठीचा अर्थच उलटा होतो. विदर्भात तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसफाईची जोड दिली, ती याच वाटेने.

'श्रमदान' हा शब्द घरोघरी पोचला तो पन्नाशीच्या दशकात. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना पहिले भूदान मिळाले आणि त्यामागून ग्रामदान, संपत्तीदान, श्रमदान अशी दानांची रांगच लागली. 2 ऑक्टोबर 1952 ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. रस्ता, शाळा किंवा विहीर हवी असेल तर सरकारच्या पैशाला गावाने पैसा किंवा श्रम यांची जोड द्यायची, असा त्याचा ढाचा होता. तिथून श्रमदानाला सरकारी वास लागला. साहेब येणार, पहिली कुदळ मारणार, छायाचित्र निघणार आणि साहेबांची जीप वळली की टिकाव खाली. हा प्रकार आजही ओळखीचा आहे.

त्यानंतर 1972 चा दुष्काळ आला आणि मातीकामाचा अर्थ पुन्हा पालटला. लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबांध खोदायला उतरली, पण रोजावर. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. माती उचलण्याला दाम असतो आणि तो मागता येतो, ही जाणीव या योजनेने दिली. म्हणून मजुरीवर पोट असलेल्याला श्रमदानाला बोलावताना हिशेब वेगळा ठेवावा लागतो. त्याच्यासाठी एक सकाळ म्हणजे बुडालेला रोज असतो, बागायतदारासाठी ती फक्त सकाळ असते. जे काम रोजगार हमीत बसते ते तिकडेच न्यावे. श्रमदान ठेवावे ते तिथे न बसणाऱ्या किंवा मंजुरीच्या कागदासाठी थांबता न येणाऱ्या कामासाठी. वनराई बंधारा दुसऱ्या प्रकारात मोडतो, कारण ओढ्याची धार मंजुरीची वाट पाहत नाही.

राळेगणसिद्धीत 1975 नंतर अण्णा हजारेंनी यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून सुरुवात केली. मग पाणलोटाची कामे आली आणि श्रमदानाच्या जोडीला चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी अशी सूत्रे बसली. 1992 च्या आदर्श गाव योजनेने हीच सूत्रे राज्यभर नेली. शेजारच्या हिवरे बाजारात 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, तिथे पाणी अडवण्याइतकाच भर ते कसे वापरायचे यावर राहिला. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी नाही आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे. माझ्या मते हिवरे बाजारची खरी शिकवण फावड्यात नाही, या ताळेबंदात आहे. सगळ्यांनी मिळून अडवलेले पाणी चार विहीरवाल्यांनी उपसून नेले, तर पुढच्या वर्षी श्रमदानाला तेच चौघे उरतात.

सन 2000 मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि श्रमदानाला स्पर्धेची झिंग चढली. तपासणी समिती येणार म्हटल्यावर रात्रीतून गटारे साफ झाली, भिंती रंगल्या, उकिरडे हलले. 2016 मध्ये पानी फाउंडेशनने वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा आणली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके होते आणि कोरेगावातले वेळू पहिले आले. 2018 पर्यंत तालुके 75 झाले. उन्हाळ्यातले 45 दिवस, 1 मेचे महाश्रमदान आणि शहरांतून आलेले 'जलमित्र', असे त्याचे स्वरूप होते. या स्पर्धेने एक चांगली सवय लावली : काम मोजायची. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने समतल रेषा काढणे आणि चराचे घनमीटर मांडणे गावातल्या पोरापोरींना येऊ लागले. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल सलग समतल चर साडेपाच मीटर खणला की एक घनमीटर होतो, हे पाठ झालेली मुले आजही भेटतात. दुसरी बाजू अशी की घनमीटरच्या शर्यतीत यंत्र माणसांच्या पुढे गेले. गावातले सावकाशीचे काम मागे पडले आणि स्पर्धा थांबल्यावर काही ठिकाणी चर गाळाने भरले, ते उपसायला कोणी फिरकले नाही.

आता चावडीकडे. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा, पण ग्रामसभेला बळ आले ते 73 व्या घटनादुरुस्तीने, 24 एप्रिल 1993 पासून. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे ग्रामसभेचे दिवस लोकांच्या तोंडी आहेत. सर्वसाधारण सभेची सूचना सात दिवस आधी द्यायची, फलकावर लावायची आणि दवंडीही द्यायची. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसे लागतात, यांपैकी जो आकडा कमी तो. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. पळवाट नेमकी इथे आहे. पहिली सभा मुद्दाम आडवेळी लावायची, तहकूब करायची आणि दुसऱ्या सभेत दहा जणांच्या सह्यांवर ठराव उरकायचा. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद आहे. पाणी भरणाऱ्या बाया तिथे बंधाऱ्याची जागा अचूक सांगतात, कारण ओढ्याला धार कुठवर टिकते हे त्यांना रोज दिसते.

म्हणून श्रमदानाची नोटीस लागण्याआधी ठराव असावा आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : जागा कोणती (ओढ्याचे नाव आणि लगतचे गट नंबर), त्या पाण्यावर पंप लावायचा की नाही आणि जनावरांसाठी व पिण्याच्या विहिरीसाठी किती राखायचे. बंधाऱ्याशेजारी ज्यांची विहीर आहे त्यांनी गोण्या, ट्रॅक्टर, नाश्ता असा जास्तीचा वाटा उचलायचा, हेही तिथेच ठरले तर उत्तम. नोटिशीवर ठराव क्रमांक, वेळ आणि काम संपण्याचा तास लिहावा. 'सात ते दहा' लिहिलेल्या कामाला माणसे येतात. नुसते 'सात वाजता' लिहिले की येत नाहीत.

राहिले प्रत्यक्ष काम. मोहन धारियांच्या वनराई संस्थेने ही पद्धत लोकप्रिय केली, म्हणून 'वनराई बंधारा'. ओढा अरुंद, दोन्ही काठ घट्ट आणि वरच्या बाजूला तळाचा उतार मंद असलेली जागा निवडावी. ढोबळ हिशेब असा : ओढा 6 मीटर रुंद, बंधारा 1 मीटर उंच, तळाची जाडी 2 मीटर आणि माथ्याची पाऊण मीटरच्या वर धरली, तर साधारण साडेआठ घनमीटर भराव लागतो. म्हणजे सिमेंटच्या सुमारे 300 रिकाम्या गोण्या. 40-50 जास्तीच्या ठेवाव्यात, कारण काही फाटक्या निघतातच. उतार शंभराला एक असेल तर पाणी शंभर मीटर मागे जाते आणि एका भरण्यात अंदाजे तीन लाख लिटर साठते. धार चालू असेल तोवर झिरपलेल्याची जागा भरत राहते. लागणारे सामान : फावडी, घमेली, टिकाव, एक-दोन पहारी, सुतळी आणि दाभण. दाभण हमखास विसरले जाते, मग तोंड न शिवलेल्या गोण्या रचल्या जातात आणि पहिल्याच लोंढ्यात रिकाम्या होतात.

गोणी पाऊण भरावी. ठासून भरलेली गोणी गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटत नाही आणि मधून पाणी निघून जाते. तळाची वाळू, गवत आणि पाला काढून घट्ट थर लागेपर्यंत खरवडावे. बंधारा बहुतेक वेळा वरून वाहून जात नाही, खालून पोकळ होतो. त्याचे कारण ही न काढलेली वाळू. विटांसारखा सांधेमोड करत थर रचावेत, दोन्ही टोके काठात अर्धा-पाऊण मीटर आत घुसवावीत, नाहीतर पाणी बगलेने काठ पोखरते. पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा जाड लेप द्यावा. मधल्या भागात एक थर कमी ठेवावा, म्हणजे जादा पाणी काठावरून न जाता मधून सांडते. कोकणात खेकडे लेपाला भोके पाडतात, तिथे आठवड्याला एक फेरी लागते आणि ती कोण मारणार हे पहिल्या दिवशीच नाव घेऊन ठरवावे.

गोण्या प्लास्टिकच्या असतात, उन्हाने त्या फाटतात, म्हणून वरचा थर मातीने झाकावा. मे संपायच्या आत बंधारा मोडून गोण्या बाहेर काढाव्यात. त्या तशाच राहिल्या तर पहिल्या पुरात पाणी तुंबून काठ फोडते आणि चिंध्या खालच्या गावाच्या ओढ्यात जाऊन अडकतात. या कामाला दहा माणसे आणि अर्धा दिवस पुरतो. पण त्याची नोटीस फलकावर क्वचितच लागते. ऑक्टोबरच्या ठरावातच मोडण्याची तारीख घातली, तर ती लावायची आठवण ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) राहते.