‘आचाऱ्यांना’मधला र कोण जोडतो?

‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन शब्द जरा नीट पाहा. पहिले स्वयंपाक करणारे, दुसरे गुरुजन. दोन्हींत फरक आहे तो फक्त र च्या रूपाचा. एकात पापणीसारखी आडवी रेघ, दुसऱ्यात य च्या डोक्यावर बसलेला रफार. मराठी वाचणाऱ्याची नजर हा फरक क्षणात टिपते. पण हे वाचत असताना तुमच्या फोनमध्ये काय घडलं, ते पाहण्यासारखं आहे.

फोनच्या स्मृतीत ही जोडाक्षरं चित्र म्हणून ठेवलेली नसतात. तिथे असते नुसती क्रमांकांची रांग: आ, च, काना, र, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना. ही रांग वाचून कुणीतरी ठरवावं लागतं की र नंतर हलन्त आणि मग व्यंजन आलं, तर र तिथून उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा. त्या जागी नुक्त्याचा ऱ असेल तर मात्र डोक्यावर न्यायचा नाही, पापणी काढायची. ‘कि’ लिहिताना आपण क आधी टाइप करतो आणि वेलांटी नंतर, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसायला हवी. शब्दागणिक अशी उचलठेव चालते, आणि नवं पान उघडलं की सेकंदाच्या काही अंशात ती पुन्हा होते.

ही उचलठेव करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव हार्फबझ. नाव फारसी आहे. ‘तोंडातून हरफ काढला नाही’ म्हणताना आपण जो हरफ वापरतो, तोच इथला हार्फ. आणि फारसीत बाझ म्हणजे खुलं. अँड्रॉइड फोन, क्रोम, फायरफॉक्स, मजकूर आणि तक्ते तयार करायचं लिब्रेऑफिस या सगळ्यांत हार्फबझ आहे. बेहदाद एस्फाहबोद या इराणी-कॅनेडियन अभियंत्याने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल अशी मूळ आज्ञावली, कुणालाही उघडून वाचता येते, बदलता येते, आपल्या उत्पादनात वापरता येते. मराठीचा र चुकीचा बसत असेल तर नाशिकमधला एखादा विद्यार्थीही नेमकी चूक दाखवून दुरुस्ती पाठवू शकतो. ओपन सोर्स, मराठीत मुक्तस्रोत, म्हणतात ते हेच.

हे किती मोलाचं आहे ते कळायला डीटीपीचा जमाना आठवावा लागतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट आपल्या मर्जीने चालायचा. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे, आणि कुठल्या खणात कुठला तुकडा हे प्रत्येक फॉन्टचं वेगळं. तो फॉन्ट संगणकावर असला तर मजकूर मराठी, नसला तर त्याच जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. माझ्या वडिलांची एक लेखमाला अशाच एका फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्या सॉफ्टवेअरचं ‘डोंगल’, म्हणजे संगणकाला लावायची किल्ली, ज्या डीटीपीवाल्याकडे होती त्याने दुकान बंद केलं. पुढे कन्व्हर्टर मिळाला, पण त्यातून आलेल्या मजकुरात रफार आणि पापण्या जागोजाग विखुरल्या होत्या. सगळं पुन्हा हाताने बसवलं. लेखन आमचं होतं, पण ते उघडायची किल्ली आमच्याकडे नव्हती.

घरातल्या लेखमालेचं हे होत असेल तर जमिनीच्या नोंदींचं, जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचं, न्यायालयाच्या निकालांचं काय? सरकारी कागद पन्नास-शंभर वर्षं टिकावा लागतो आणि सॉफ्टवेअर कंपनीचं आयुष्य त्याहून कमी असू शकतं. म्हणूनच सरकारच्या दृष्टीने मुक्तस्रोताचा मुद्दा स्वस्ताईच्या कितीतरी आधी ताब्याचा आहे, असं मला वाटतं. नागरिकांच्या नोंदी ज्या यंत्रात आहेत ते आतून कसं चालतं हे सरकारला पाहता यायला हवं, आणि एका कंत्राटदाराशी फारकत झाली तर दुसऱ्याला बोलावून काम पुढे चालवता यायला हवं.

भारत सरकारने २०१५ मध्ये याबाबत धोरण जाहीर केलं. ई-प्रशासनाच्या टेंडरमध्ये मुक्तस्रोत पर्यायाचा विचार करा अशी अट घालायची, आणि पुरवठादाराने तो पर्याय वगळला तर कारण द्यायचं, असं ते सांगतं. केरळने तर त्याच्या बऱ्याच आधी वाट धरली होती. २००१ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ‘आयटी ॲट स्कूल’ उपक्रमाने सरकारी शाळांतलं संगणकशिक्षण विंडोजऐवजी लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमवर आणलं, आणि शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले. यातलं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण शाळेतला संगणक अडला की बाहेरच्या कंत्राटदाराची वाट न पाहता हात घालणारं माणूस शाळेतच तयार झालं. बंगळुरूच्या आयआयआयटीमध्ये २०१८ मध्ये सुरू झालेला मोसिप हा आणखी एक प्रयत्न. राष्ट्रीय ओळखपत्राची यंत्रणा उभी करायचं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फिलिपीन्स, मोरोक्को आणि इथिओपिया यांनी घेतलं.

माघारही झाली आहे. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. राजकारण, सवयी, कर्मचाऱ्यांची कुरकुर हे सगळं यात येतं. नुसतं तंत्र चांगलं असून भागत नाही.

उद्योगांत मात्र हा वाद केव्हाच संपला. १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेला लिनक्स आज जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर चालतो. २०१७ पासून त्या यादीत दुसरं काही उरलेलंच नाही. लिनक्स कुणालाही फुकट मिळू शकतो, पण तो नीट चालवून देण्याची हमी विकता येते. रेड हॅट ही कंपनी यावरच उभी राहिली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती सुमारे ३,४०० कोटी डॉलरना घेतली. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक हिशेब मांडला. जगभर वापरात असलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहायचं तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. पण ते नसतं आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापलं लिहावं लागलं असतं, तर खर्च गेला असता ८.८ लाख कोटी डॉलरवर.

या दोन आकड्यांमधल्या दरीवर सगळे मजेत राहतात. ही दरी सांभाळतं कोण, हे २०२४ च्या मार्चमध्ये जगाला कळलं.

आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसवर काम करणारा अभियंता. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. तो डेटाबेसचा वेग मोजत होता, आणि मोजणी अचूक यावी म्हणून संगणकावरची बाकीची हालचाल शांत करू पाहत होता. तेव्हा त्याला दिसलं की दुरून लॉगिन करायची सोय देणारा एसएसएच हा प्रोग्रॅम विनाकारण प्रोसेसर खातोय. बाहेरून कुणीतरी चुकीच्या नावांनी लॉगिनचे प्रयत्न करत होतं. ते लगेच फसायला हवे होते, पण त्यांना वेळ लागत होता. त्याने मोजलं. ज्या लॉगिनला ०.३ सेकंद लागायचे त्याला ०.८ सेकंद लागत होते. अर्धा सेकंद! आपण चहाचा घोट घ्यायच्या आत हे संपतं. पण त्याला चैन पडेना. तो शोधत शोधत एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या सॉफ्टवेअरपाशी पोचला, आणि तिथे त्याला चोरदरवाजा सापडला.

तो बसवला होता मोठ्या हुशारीने. एक्सझेड तपासण्यासाठी मुद्दाम बिघडवलेल्या काही फाइली सोबत दिलेल्या असतात. अशा फाइली कुणी उघडून वाचत नाही, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसतंच. विषारी कोड तिथे लपवला होता. तो बाहेर काढून जोडणारी ओळ कोडच्या सार्वजनिक भांडारात दिसतही नव्हती. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. लिनक्सच्या काही प्रकारांत एसएसएच सुरू होताना एक्सझेडचा भागही सोबत लोड होतो. त्यामुळे ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली आहे त्याला अशा कुठल्याही सर्व्हरवर पासवर्डशिवाय हुकूम चालवता आला असता. तोवर हा कोड मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांमध्येच पोचला होता. थोड्याच महिन्यांत तो बँकांच्या, रुग्णालयांच्या, सरकारांच्या सर्व्हरवर गेला असता.

याहून मला अस्वस्थ करते ती आधीची गोष्ट. एक्सझेड कित्येक वर्षं फिनलंडमधला लासे कॉलिन हा एकटा माणूस सांभाळत होता, मोकळ्या वेळात, बिनपगारी. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं. काम नेटकं, वागणं सौजन्याचं. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं उगवली आणि कॉलिनमागे तगादा लावू लागली: कामाला उशीर का होतो, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. आपल्या मनाची अवस्था बरेच दिवस बरी नाही आणि हे छंदाचं, बिनमोबदल्याचं काम आहे हे ध्यानात घ्या, असं त्याने चारचौघांत लिहिलं. शेवटी थकलेल्या माणसाने मदतीला आलेल्या हातात किल्ल्या दिल्या. त्या नावामागे खरोखर कोण होतं, ते उघड झालेलं नाही.

‘कोड खुला आहे म्हणजे तो सुरक्षित’ असं समर्थनाच्या भरात म्हटलं जातं, ते मला मान्य नाही. कोड खुला असला तरी कुणीतरी तो वाचायला बसावं लागतं. २०१४ मधल्या हार्टब्लीडनेही हेच दाखवलं होतं. ओपनएसएसएल हे वेबवरच्या व्यवहारांना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर, आणि त्यातली चूक अगदी साधी होती. ‘मी पाठवलेला मजकूर इतका लांब आहे, तो मला परत पाठव’ असं सर्व्हरला सांगायचं, प्रत्यक्षात पाठवायची चार अक्षरं आणि लांबी सांगायची ६४ हजार. सर्व्हर न मोजता आपल्या स्मृतीतली पुढची हजारो अक्षरं देऊन टाकायचा, आणि त्यात पासवर्डही असायचे. अर्ध्या जगाचा व्यापार ज्याच्यावर विसंबून, त्या प्रकल्पाला तोवर वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर.

पण फ्रॉइंडला चोरदरवाजा सापडला तो सगळं उघडून पाहता आलं म्हणूनच. सॉफ्टवेअर बंद असतं तर अर्ध्या सेकंदाची तक्रार नोंदवून तो आपल्या कामाला लागला असता. आणि त्याला अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा करायला वेळ होता, कारण सगळ्यांच्या मालकीच्या डेटाबेसवर काम करण्याचा पगार एक कंपनी त्याला देत होती. बेहदाद एस्फाहबोदनेही हार्फबझवर काम केलं ते रेड हॅट, गूगल, फेसबुक अशा कंपन्यांच्या पगारावर. जिथे पगार आहे तिथे हा डोलारा उभा आहे. तडा गेला तो कॉलिनपाशी, जिथे घेणारे लाखो होते आणि देणारा कुणी नव्हता.

आपल्याकडे सातबाऱ्यावर सामाईक विहिरीची नोंद असते. पाळीने पाणी किती तास घ्यायचं यावर भांडणं होतात, पण गाळ काढायचा विषय निघाला की भावकीतला प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो. सॉफ्टवेअरच्या विहिरीचा गाळ काढायचे प्रयत्न आता कुठे सुरू झाले आहेत. जर्मन सरकारने २०२२ मध्ये यासाठी सॉव्हरिन टेक फंड काढला. आपल्याकडे झीरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी जाहीर केला. सरकारी टेंडरमध्येही लायसन्सच्या रकान्यात शून्य लिहून थांबू नये. ज्या सॉफ्टवेअरवर सगळी यंत्रणा उभी आहे त्याच्या मूळ प्रकल्पाला पैसा किंवा माणूस देण्याचा वेगळा रकाना त्यात असायला हवा. जिल्ह्याचे रस्ते बांधताना आपण देखभालीची तरतूद करतोच.

चोरदरवाजा उघड झाला २९ मार्च २०२४ ला. त्यानंतर लासे कॉलिन पुन्हा कामाला बसला. ‘जिया टॅन’ने केलेले बदल त्याने एकेक करून पाहिले, विषारी फाइली काढून टाकल्या, आणि बरोबर दोन महिन्यांनी, २९ मे रोजी, एक्सझेडची स्वच्छ आवृत्ती बाहेर काढली.