‘कमर्शियल झाले’ या तक्रारीचं गणित

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात ९२४, गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर एक क्लब आहे. ३१ डिसेंबर १९८६ ला तो सुरू झाला. तिथे दारू मिळत नाही, वयाची अट नाही, काम स्वयंसेवक करतात. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवू द्यायचं नाही, असा कडक नियम होता. ग्रीन डे हा पंक, म्हणजे जलद आणि आक्रमक रॉक, वाजवणारा तिघांचा बँड याच क्लबात वाढला. १९९३ मध्ये त्यांनी लुकआउट ही छोटी स्थानिक कंपनी सोडून वॉर्नर या बड्या कंपनीच्या रिप्राइझशी करार केला. १ फेब्रुवारी १९९४ ला ‘डुकी’ हा अल्बम आला, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याला एकट्या अमेरिकेत एक कोटी प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. गिलमनचं दार मात्र बंद झालं. जुने चाहते म्हणू लागले, हे विकले गेले. आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यावर हीच तक्रार ‘कमर्शियल झाले’ अशी ऐकू येते.

मग संगीत खरंच बदललं होतं का? हे तपासायला एक फार चांगला पुरावा हाताशी आहे. ‘वेलकम टु पॅरडाइज’ हे गाणं लुकआउटच्या ‘करप्लंक’ अल्बममध्येही आहे आणि रिप्राइझच्या ‘डुकी’मध्येही. वादक तेच, शब्द तेच, चाल तीच, लांबीही दोन्हीकडे साधारण साडेतीन मिनिटं. नव्या ध्वनिमुद्रणात गिटार भरदार आहे, ड्रम स्वच्छ ऐकू येतात, आवाज पुढे आहे. ज्या गाण्यावर चाहते आधी जीव टाकत होते तेच गाणं थोडं नीट रेकॉर्ड झालं, एवढाच फरक. म्हणजे तक्रारीचं मूळ निदान पूर्णपणे तरी ध्वनीत नाही.

‘लोक जळतात’ हे नेहमीचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. जळणारा माणूस बँडच्या आधीच्या अल्बमवर इतकं प्रेम करत नाही. खरं कारण माहितीच्या गणितात आहे, आणि ते शाळेतल्या टक्केवारीने मांडता येतं.

एक कॉलेज कल्पून घ्या. विद्यार्थी १०,०००. त्यातले २०० मनापासून पंक संगीतातले, आपण त्यांना मंडळी म्हणू. उरलेले ९,८००. एक छोटा बँड आहे, तो मंडळींपैकी ६० टक्के जण ऐकतात, म्हणजे १२०. बाकीच्यांपैकी फक्त अर्धा टक्का, म्हणजे ४९. आता आवारात त्या बँडचा टी-शर्ट घातलेला कोणी दिसला. सगळे ऐकणारे टी-शर्ट घालतात असं धरलं, तर तो मंडळींपैकी असण्याची शक्यता १६९ पैकी १२०, म्हणजे ७१ टक्के. टी-शर्ट नसता तर ती २ टक्के होती. एका कापडाने अंदाज पस्तीस पटींहून जास्त सुधारला. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहिती मोजण्याचा जो सिद्धांत मांडला, त्यातल्या लॉगरिदमच्या मापाने ही सुमारे ५.१५ बिट माहिती होते. १ बिट म्हणजे शक्यता दुप्पट होणं, २ बिट म्हणजे चौपट, ५ बिट म्हणजे बत्तीस पट.

आता बँड प्रसिद्ध होतो. मंडळींमध्ये तो आणखी लाडका होतो, ९० टक्के, म्हणजे १८० जण ऐकू लागतात. बाकीच्यांतही ३० टक्के ऐकतात, म्हणजे २,९४०. आता टी-शर्टवाला आपला असण्याची शक्यता ३,१२० पैकी १८०, जेमतेम ६ टक्के. माहिती उरली दीड बिट. बँडवरचं मंडळींचं प्रेम वाढलं, आणि तरी त्या प्रेमाची खूण निकामी झाली.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पटकन नजरेतून सुटते. घसरण प्रचंड प्रसिद्धीनंतर सुरू होत नाही, ती फार आधी सुरू होते. मंडळी आहेत तशीच ठेवा, १२०. बाहेरचे ऐकणारे अर्ध्या टक्क्यावरून फक्त २ टक्क्यांवर गेले, म्हणजे ४९ चे १९६ झाले. तेवढ्यानेच शक्यता ७१ वरून ३८ टक्क्यांवर येते. बाहेरचा गट मुळातच मोठा असल्यामुळे त्याच्यातला दीड टक्कासुद्धा जड पडतो. म्हणून पहिली कुरबुर रेडिओवर गाणं लागायच्याही आधी ऐकू येते.

खूण निकामी झाली की ती टाकून दिली जाते, हे प्रयोगातही दिसलं आहे. जोना बर्गर आणि चिप हीथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका वसतिगृहात पिवळे मनगटपट्टे विकले. थोड्याच दिवसांनी तेच पट्टे शेजारच्या, अभ्यासू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांच्या वसतिगृहात विकले. पहिल्या वसतिगृहात पट्टा घालणाऱ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांनी तो काढून टाकला. जिथे असे शेजारी नव्हते, अशा तुलनेसाठी घेतलेल्या वसतिगृहात ही गळती अगदी थोडी होती. पट्टा तोच होता, फक्त तो घालणारे बदलले. याच संशोधकांना असंही आढळलं की माणसं अशी फारकत भांडी घासायच्या साबणाबाबत घेत नाहीत, संगीत आणि केशरचनेबाबत घेतात. साबणावरून कोणी माणसाची ओळख ठरवत नाही.

पण पट्टा गुपचूप काढून टाकता येतो. मग बँडला दोष कशासाठी? माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. ‘आधीचं चांगलं होतं, आता विकले गेले’ हे वाक्य बोलायला आधीचं ऐकलेलं असावं लागतं. छोट्या कंपनीची कमी खपलेली तबकडी, क्लबातले प्रयोग, अल्बममध्ये न आलेली गाणी, हे सगळं माहीत असायला वेळ लागतो, आणि तो वेळ नंतर विकत घेता येत नाही. जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्ये प्राण्यांच्या खुणांबद्दल जे मांडलं तेच इथे लागू पडतं: खूण महाग असेल तरच ती विश्वासार्ह राहते. मंडळींपैकी १०० जण ही तक्रार नीट करू शकतात आणि बाहेरचे फक्त ३९ जण, असं धरा. तक्रार करणारा आपला असण्याची शक्यता १३९ पैकी १००, पुन्हा ७२ टक्के. टी-शर्टने गमावलेली बिटं तक्रारीने परत मिळवून दिली. तक्रार करणाऱ्याला हे गणित जाणवत नाही, त्याला खरोखरच फसवल्यासारखं वाटतं. पण ती तक्रार टिकते आणि पसरते, कारण ती नवी खूण म्हणून काम करते. फॅशन स्ट्रीटपासून मॉलपर्यंत ‘निर्वाणा’ या बँडचे टी-शर्ट लटकत असताना तर या नव्या खुणेची गरज आणखी वाढते.

यूट्यूबवर याच तक्रारीचं एक भुताटकीचं रूप फिरतं: अमुक गायकाने इल्युमिनाटीला आत्मा विकला, त्याने हाताचा त्रिकोण केला तोच पुरावा. जर्मनीतल्या बव्हेरियातली इल्युमिनाटी ही गुप्त संघटना १ मे १७७६ ला स्थापन झाली आणि १७८५ पर्यंत सरकारी बंदीने संपली. दोनशे वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मंडळाला रेकॉर्डिंग करार करता येत नाहीत. असे व्हिडिओ पुढे पाठवू नका.

संगीत कधीच बदलत नाही असं मात्र मी म्हणत नाही. मेटॅलिका या हेवी मेटल बँडचं उदाहरण घ्या. १९८८ च्या अल्बममध्ये ९ गाणी ६५ मिनिटांत होती, त्यातली दोन पावणेदहा मिनिटांची. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बममध्ये १२ गाणी साडेबासष्ट मिनिटांत आली. लांब गाणी वाजवताना प्रेक्षक कंटाळलेले दिसायचे, असं बँडने स्वतःच पुढे सांगितलं. मोठ्या जागेचं भौतिकशास्त्रही संथ लयीच्या बाजूने असतं. त्यांचं १९८६ चं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे गाणं मिनिटाला साधारण २१२ ठोक्यांच्या लयीत आहे. एका ठोक्यात दोन स्वर धरले तर स्वरांमधलं अंतर १४१ मिलिसेकंद. १९९१ च्या अल्बममधल्या ‘एंटर सँडमन’ची लय १२३, म्हणजे अंतर २४४ मिलिसेकंद. आता तुमच्यापासून ४० मीटरवर मागची भिंत असेल, तर आवाज तिथपर्यंत जाऊन परत यायला ८० मीटर कापतो आणि २३३ मिलिसेकंद घेतो. संथ गाण्यात तो प्रतिध्वनी जवळपास पुढच्या स्वरावरच येऊन बसतो. जलद गाण्यात तो दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वराच्या मधे घुसतो आणि सगळा गिचका होतो. प्रत्यक्ष सभागृहात अनेक भिंती, छत आणि गर्दी असते, त्यामुळे हिशेब इतका सुटसुटीत राहत नाही, पण दिशा तीच राहते.

तेव्हा एखाद्या बँडवर हा आरोप झाला की दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: आवाज बदलला का, आणि ऐकणारे बदलले का. पहिला घरी तपासता येतो. एकाच गाण्याची जुनी आणि नवी आवृत्ती घ्या. दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा, कारण एक-दोन डेसिबल मोठं असलेलं गाणं कानाला उगाचच ‘चांगलं’ वाटतं, आणि इथेच बहुतेक घरगुती चाचण्या फसतात. बँड माहीत नसलेले दहा जण गोळा करा. कंपनी, साल, मुखपृष्ठ काहीही सांगू नका. निम्म्यांना जुनी आवृत्ती आधी ऐकवा, निम्म्यांना नवी. ‘कुठलं स्वच्छ आहे’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलंच असेल. ‘कुठलं मनापासून वाजवलंय’ एवढंच विचारा. दहापैकी नऊ किंवा जास्त जणांनी जुन्याकडे बोट दाखवलं, तर ते केवळ योगायोगाने होण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे १ टक्का. तिथे चाहत्यांच्या तक्रारीत तथ्य आहे असं धरायला हरकत नाही. पाच-सहा जणांनीच दाखवलं, तर बदल तबकडीवर शोधायचं सोडून टी-शर्ट घालणाऱ्यांची संख्या मोजायला घ्यावी.