पशुमल-सांडपाण्याचे पूर्वसंस्करण

गोठे व वराहपालन केंद्रे यांतून निघणारे शेण, मूत्र व धुण्याचे पाणी यांचे मिश्रण बायोगॅस संयंत्राच्या पाचकात (हवाबंद कुजविण्याच्या टाकीत) सोडण्यापूर्वी त्यावर केली जाणारी यांत्रिक, औष्णिक, रासायनिक वा जैविक प्रक्रिया. शेणातील सहज पचणारा भाग जनावराच्या पोटातच जिरलेला असतो. उरतो तो मुख्यतः लिग्निनाने (वनस्पतीला कठीणपणा देणाऱ्या, सहज न कुजणाऱ्या द्रव्याने) वेढलेला सेल्युलोज व हेमिसेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा तंतुमय भाग. हे तंतू मोकळे करणे हा पूर्वसंस्करणाचा मुख्य हेतू होय.

त्याचे सर्वांत साधे रूप खेड्यातील गोबर गॅसच्या कुंडीत दिसते. शेणात साधारण तितकेच पाणी घालून ते कालवताना गुठळ्या फोडतात, कडब्याचे तुकडे वेचतात आणि खडे-वाळू तळाशी बसू देतात. काडी आत गेल्यास पाचकात वर साय धरते व गॅस अडतो. वाळू गेल्यास तळ भरत जाऊन उपयुक्त आकारमान घटते.

पूर्वसंस्करणाने मिथेनाचे (बायोगॅसमधील ज्वलनशील वायूचे) एकूण प्रमाण वाढते की केवळ तो लवकर मिळतो, याविषयी मतभेद आहेत. प्रयोगशाळेतील अल्पमुदतीच्या चाचण्यांत दिसणारी वाढ पुष्कळदा वेगाची असते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण भारतीय संयंत्रांत हवामानानुसार शेणकाला (शेण-पाण्याचा काला) ३०, ४० वा ५५ दिवस राहतो आणि तेवढ्या अवधीत हा फरक बराचसा पुसला जातो.

औष्णिक पद्धतीत उष्णतेचा हिशेब निर्णायक ठरतो. १ घनमीटर शेण-पाण्याचा काला २५° से. वरून ७०° से. पर्यंत तापविण्यास सुमारे १८८ मेगाजूल उष्णता, म्हणजे अंदाजे ९ घनमीटर बायोगॅस लागतो. २५ किलो ओल्या शेणापासून सुमारे १ घनमीटर गॅस मिळतो असे धरल्यास, निम्मे शेण असलेल्या काल्यातून २० घनमीटर गॅस निघेल. परंतु गोठा धुतलेल्या पातळ पाण्यात घनमीटरमागे २०० किलोच शेण असेल, तर मिळणारा सर्व गॅस तापविण्यातच खर्च होईल. म्हणून बाहेर पडणाऱ्या काल्यातील उष्णता परत वापरण्याची सोय नसल्यास पाणी आधी कमी करणे श्रेयस्कर. सुमारे १७०° से. च्या पुढे शर्करा व प्रथिने यांच्या संयोगातून दुष्पचनीय पदार्थही बनू लागतात.

रासायनिक पद्धतींपैकी दाहक (कॉस्टिक) सोडा लिग्निनाची पकड प्रभावीपणे सैल करतो. मात्र त्यातील सोडियम पाचकातून निघालेल्या मळीबरोबर शेतात उतरते आणि जमिनीचा पोत बिघडवू शकते. चुना मंद पण स्वस्त आहे. वराहमलात अमोनिया मुळातच जास्त असल्याने सोडा-चुन्यासारख्या अल्कलीमुळे तो मुक्त होऊन मिथेनजनक जंतूंना बाधतो. विकरे (एन्झाइमे), श्राव्यातीत ध्वनी व अल्प वायुवीजन यांचेही प्रयोग झाले आहेत.