वॉल मिक्सरची जोडणी: टाइल्स लावण्यापूर्वी वाचावे

बाथरूमचे काम काढलेले ग्राहक आम्हाला बहुधा टाइल्स बसून झाल्यावर बोलावतात आणि विचारतात, "मिक्सर लावायला तासभर पुरेल ना?" तास पुरतो, मात्र भिंतीच्या आतले काम आधी बरोबर झालेले असेल तरच.

वॉल मिक्सर म्हणजे गरम आणि थंड पाणी एकत्र करून देणारा भिंतीवरचा नळ. त्याला गरम आणि थंड पाण्याचे दोन पॉइंट, म्हणजे भिंतीतून पाइप बाहेर येण्याच्या जागा, लागतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर १५० मिमी, म्हणजे साधारण सहा इंच असते. समोर उभे राहिल्यावर गरम पाणी डाव्या हाताला असावे. मिक्सरसोबत येणारे वाकडे लेग (मिक्सर पॉइंटला जोडणारे तुकडे) फिरवून अंतरातला थोडा फरक सांभाळता येतो, हे ग्राहकांना ठाऊक असते आणि त्यामुळेच अनेकदा निष्काळजीपणा होतो. पॉइंट भिंतीत किती खोल बसवला यातली चूक लेग फिरवून निस्तरत नाही, आणि आमचा वेळ सर्वांत जास्त खाणारी चूक तीच असते.

भिंतीतल्या ब्रास एल्बोचे (पाइपच्या टोकाला बसणाऱ्या, आतून आटे असलेल्या पितळी कोपराचे) तोंड तयार टाइलच्या पृष्ठभागाशी समपातळीत यायला हवे. टाइल सिमेंटच्या थरावर बसवली तर थर आणि टाइल मिळून २० ते २५ मिमी जाडी होते; तीच टाइल अ‍ॅडहेसिव्हवर बसवली तर १२ ते १५ मिमी. पॉइंट एका हिशेबाने घेतले आणि नंतर दुकानात दुसरी टाइल आवडली, किंवा गवंड्याने पद्धत बदलली, की एल्बो एक सेंटिमीटर आत जातो नाहीतर बाहेर येतो. बाहेर आला तर फ्लँज, म्हणजे सांधा झाकणारी गोल चकती, भिंतीला टेकत नाही. आत गेला तर एक्स्टेन्शन निपल (लांबी वाढवणारा छोटा तुकडा) जोडून वेळ मारून नेली जाते, आणि टाइलमागे न दिसणारा एक सांधा वाढतो. पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत अशा निपलमधून झिरपणारे पाणी आधी खालच्या मजल्यावरच्या छताला दिसले. त्यासाठी आम्हाला नव्या कोऱ्या चार टाइल्स फोडाव्या लागल्या आणि त्याच छटेच्या टाइल्स बाजारात पुन्हा मिळाल्या नाहीत.

म्हणून टाइलचा नमुना आणि मिक्सर हातात आल्याशिवाय आम्ही एल्बो पक्के करत नाही. काम अडवून धरतो अशी तक्रार यावरून होते, पण ही अट आम्ही सोडत नाही. मिक्सर आमच्याकडूनच घ्यावा असा आग्रह नाही. घेतल्यास तो आम्ही पॉइंट काढण्याच्या दिवशीच साइटवर आणतो. एल्बो बसवताना त्यांत १५० मिमी अंतरावर छिद्रे असलेली लोखंडी पट्टी घट्ट आवळून ठेवतो. दोन्ही तोंडे एका रेषेत आणि समांतर राहिली तरच मिक्सरच्या नटातला वॉशर नीट बसतो, एरवी नट कितीही आवळला तरी ठिबक थांबत नाही.

गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइपच वापरावा; साधा यूपीव्हीसी गीझरच्या पाण्याने मऊ पडतो. गच्चीवर सोलर असून थंड पाण्याला प्रेशर पंप असेल, तर गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, नाहीतर थंड पाणी मिक्सरमधून उलटे गरम लाइनमध्ये शिरते आणि दोष विनाकारण सोलरवाल्याच्या माथी येतो. उंची ठरवताना बादली विसरू नये. मिक्सरच्या तोटीखाली ती कडीसकट सहज सरकली पाहिजे, आणि हे माप तयार फरशीपासून घ्यायचे असते.

सांधे वाळल्यावर पॉइंटना डमी प्लग, म्हणजे तात्पुरती बुचे, लावून आम्ही पाइपांतल्या पाण्याला हातपंपाने दाब देतो आणि दाब दाखवणारा गेज रात्रभर तसाच ठेवतो. एका फेरीत काम उरकणाऱ्या प्लंबरपेक्षा आमचे बिल थोडे जास्त होते ते या दुसऱ्या फेरीमुळे. सकाळी काटा जागेवर असेल तरच गवंड्याला भिंत बुजवायला सांगतो. त्याआधी उघड्या पाइपांचा मोजपट्टीचा टेप लावून फोटो काढतो. एक प्रत ग्राहकाकडे जाते आणि एक आमच्याकडे राहते. पुढे कधी टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिल मारायचे असेल तर आधी आम्हाला फोन करावा. पाइप कुठून गेला आहे ते फोटो पाहून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.